काळ्या दगडाची समुद्रातली भावंडे

नाशिकला समुद्र नाही. त्र्यंबकपासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तर शंभर किलोमीटरही नसेल. परंतु गोदामाई जन्मताच त्याच्याकडे पाठ फिरविते आणि चौदाशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवीत बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांचा समुद्राशी संबंध येतो तो वसईच्या सोयऱ्यांमुळे. मे महिन्यात लग्नकार्ये उरकून मंडळी परतली, की पिशव्यांतून सुके बोंबील येतात, त्यांतला वाटा धर्मगुरूंच्या स्वयंपाकघरातही पोहोचतो आणि दोन दिवस साऱ्या निवासाला वसईच्या बंदराचा वास येतो. अशा गावच्या धर्मगुरूने समुद्राच्या तळाविषयी लिहावे हे वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु आम्ही ज्या दगडावर उभे आहोत त्याचीच सख्खी भावंडे समुद्राच्या तळाशी आहेत, असे कुणी सांगितले तर? मग विषय परका राहत नाही.

नाशिकचा दगड म्हणजे काळा पाषाण. पांडवलेणी याच दगडात कोरली, घाटाच्या पायऱ्या याच दगडाच्या. अंजनेरी किंवा ब्रह्मगिरी दुरून पाहावा. एकावर एक थर रचल्यासारखा, जिन्याच्या पायऱ्यांसारखा डोंगर दिसतो. यातील प्रत्येक पायरी म्हणजे तप्त शिलारसाचा एकेक पूर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून हा रस उसळला, पसरला, थिजला, आणि त्यावर पुन्हा नवा रस आला. आज उरलेले हे पठारच पाच लाख चौरस किलोमीटर भरते. सिन्नरच्या बाजूला खाणीत दगड फुटला की त्याच्या पोकळीत जे पांढरे, मोरपंखी, गुलाबी स्फटिक सापडतात, ते त्याच रसात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पुढे सावकाश वाढले.

आता गंमत अशी की, हा रस ज्या ठिकाणाहून उसळला ते ठिकाण नाशिकखाली उरलेले नाही. भारताची भूमी त्या काळी पुष्कळ दक्षिणेस होती आणि ती उत्तरेकडे सरकत होती. खालचा विस्तव मात्र जागच्या जागी राहिला. वेदीवरची मेणबत्ती स्थिर ठेवून तिच्यावरून कागद हळूहळू सरकवला तर कागदावर जळक्या डागांची ओळ उमटेल, तसेच झाले. पहिला आणि सर्वांत मोठा डाग म्हणजे आपले दख्खन. त्यामागून लक्षद्वीपची रांग, मग मालदीव, मग चागोस, त्यानंतर मॉरिशस, आणि शेवटी रियुनियन बेट, जिथे तो विस्तव आजही आहे. तेथील ज्वालामुखी वरचेवर उफाळतो. १९८७ मध्ये एका संशोधन नौकेने या रांगेवर जागोजाग समुद्राचा तळ खोदून दगड वर काढले. ते उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाने तरुण होत गेले. मॉरिशस सुमारे ८० लाख वर्षांचे, रियुनियन तर अवघ्या २० लाखांचे. थोरले भावंड जमिनीवर राहिले, धाकटी समुद्रात, एवढाच काय तो फरक.

समुद्रातील भावंडांचे नशीब मात्र निराळे. थिजलेला डोंगर थंड होतो तसतसा जड होऊन खचत जातो. उष्ण कटिबंधात त्याच्या कडेला प्रवाळ वाढते, आणि डोंगर जितका खाली जाईल तितके प्रवाळ वर चढत राहते. चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये ही उपपत्ती मांडली होती. मालदीवखाली प्रवाळाच्या चुनखडीचा सुमारे दोन किलोमीटरांचा थर आहे आणि त्याच्याखाली तो काळा पाषाण. पर्यटकाला दिसते ती पांढरी वाळू आणि माडांची सावली. ते केवळ टोपीचे टोक होय. डोक्यापासून पायापर्यंतचा सारा देह पाण्यात आहे. ज्यांचे टोकही वर आलेले नाही असे डोंगर तर समुद्रात सहस्रावधी आहेत.

बेटाचा हा उतार म्हणजे आपल्या घाटातल्यासारखा कडाच. पहिल्या काही मीटरांत रंगीबेरंगी मासे, प्रवाळाचे ताटवे, म्हणजे चित्रांत पाहतो ते सारे. शंभर मीटरांच्या आसपास उजेड निळसर आणि उदास होतो. दोनशेच्या खाली वनस्पतीला जगता येईल इतकाही प्रकाश उरत नाही, आणि हजार मीटरांखाली सूर्याचा काही संबंधच राहत नाही. तिथे पाणी थंड असते आणि दाब इतका की, हाताच्या नखाएवढ्या जागेवर शंभर किलोंहून अधिक भार. तरीही त्या कड्यावर वस्ती आहे. काचेच्या तंतूंनी विणल्यासारखे स्पंज, पंख्यासारखी पसरलेली प्रवाळे, त्यांच्या फांद्यांना वेटोळी घालून बसलेले सापासारख्या बाहूंचे तारामासे, कपारीत लपलेले चपटे शेवंड. यांतील बहुतेकांना पाय नाहीत, म्हणजे असून नसल्यासारखे. ती एका जागी चिकटून बसतात आणि अन्न आपल्याकडे येण्याची वाट पाहतात.

अन्न येते कसे, हे आम्हाला पुस्तकापेक्षा वसईच्या कोळीबांधवांनी चांगले शिकविले. तरुणपणी तिकडे सेवेस असताना एका वयस्कर कोळीबाबांनी आम्हाला डोल समजावून सांगितली होती. डोल म्हणजे तोंडाशी रुंद आणि शेपटीकडे निमुळते होत गेलेले पिशवीसारखे जाळे. ते माशामागे धावत नाही. खुंटांना बांधून ते भरती-ओहोटीच्या ओढीत उभे करायचे. पाणी त्यातून जाते आणि बोंबील, करंदी, जवळा आत राहतो. "फादर, दर्या चालतो, जालं नाय," असे ते म्हणाले होते. समुद्रातील डोंगर म्हणजे अशीच देवाघरची डोल होय. मोकळ्या समुद्रात वाहणारा प्रवाह डोंगराला अडतो, त्याला वळसा घालताना वेग घेतो, खडकावरचा गाळ धुऊन नेतो, आणि जिथे गाळ नाही तिथे स्पंजांना आणि प्रवाळांना बूड टेकायला घट्ट जागा मिळते. भोवतालच्या हजारो चौरस किलोमीटरांच्या चिखलात जी सोय नाही ती या एका डोंगरावर मिळते. म्हणून वाळवंटातल्या विहिरीभोवती गाव वसावे तशी इथे वस्ती होते.

या डोलीत आणखी एक मोठी ओढ येते. ही कथा सर्वांत नवलाची असल्याने आम्ही जरा थांबून सांगतो. समुद्रातील कोट्यवधी लहान जीव, म्हणजे कोळंबीची पिल्ले, बोटभर मासे, नळमाशांची पोरे, दिवसा खोल अंधारात राहतात आणि सूर्य मावळला की खायला वर येतात. पहाटेपूर्वी पुन्हा खाली उतरतात. पृथ्वीवर जीवांचे यापेक्षा मोठे स्थलांतर दुसरे नाही, आणि ते दररोज घडते. २०२२ मध्ये नेक्टन नावाच्या संस्थेचे संशोधक मालदीवच्या सरकारबरोबर पाणबुडीतून तेथील कड्यांवर उतरले. सथो राहा नावाच्या एका समुद्रातल्या डोंगराशी, सुमारे पाचशे मीटर खोलीवर, त्यांना मुशींची झुंबड दिसली. टायगर म्हणतात त्या पट्टेरी मुशी, डोक्याला आडवे कान फुटल्यासारख्या कानमुशी, काटेरी अंगाच्या खोल पाण्यातील मुशी, अशा कितीतरी जाती एकाच ठिकाणी. कारण पाहता ते अगदी डोलीचे. पहाटे खाली उतरणारे ते लहानगे जीव डोंगराच्या भिंतीशी अडकतात, त्यांना आणखी खाली जाता येत नाही, आणि मोठे मासे तिथे पंगतीला बसतात. संशोधकांनी त्या पट्ट्याला नावही सापळ्याचा पट्टा असेच दिले. ज्या भिंतीशी हे घडते ती अर्धी प्रवाळाची आणि अर्धी त्या जुन्या शिलारसाची आहे, म्हणजे आपल्या ब्रह्मगिरीच्या गोत्रातली.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही एकदा या जीवांची चित्रे मुलांना दाखविली. सातवीतील एका मुलीने विचारले, "फादर, तिथे उजेडच नाही, तर त्यांना एवढे लाल रंग कशाला?" प्रश्न मार्मिक होता. सूर्यप्रकाशातील तांबडा भाग पाण्यात सर्वांत आधी विरतो, आणि खोल पाण्यातील जीव स्वतः जो प्रकाश पाडतात तो बहुधा निळसर असतो. त्या निळ्या उजेडात तांबडी कोळंबी काळी दिसते, म्हणजे दिसतच नाही. तांबडा रंग हा तिथला बुरखा होय. वर आणून दिव्याखाली धरली की ती आपल्याला माणकासारखी दिसते, पण तो आपला दिवा. मुलीचे समाधान झाले. आमच्या मनात मात्र राहून गेले की, सृष्टीतील केवढा तरी भाग आपल्या डोळ्यांसाठी मांडलेलाच नाही, आणि तरी तो उत्पत्तीच्या पाचव्या दिवसाच्या हिशेबात आहे.

वयाचे गणितही तिथे वेगळे चालते. हवाई बेटांच्या खोल उतारावर मिळालेल्या एका काळ्या प्रवाळाचे वय शास्त्रज्ञांनी कार्बनच्या कसोटीने काढले, ते सुमारे ४,२०० वर्षे निघाले. आमच्यासारख्या पवित्र शास्त्राच्या वाचकाला हा आकडा ऐकताच अब्राहाम आठवतो. तो ऊर नगरी सोडून निघाला असेल त्याच्या आगेमागे या झाडासारख्या प्राण्याचा पहिला अंकुर खडकाला चिकटला, आणि आपल्या हयातीपर्यंत तो जिवंत होता. वर्षाला केसाच्या जाडीहून कमी वाढणारा हा जीव एकदा मोडला, तर तो पुन्हा कोण आणि केव्हा पाहणार?

आता आपल्याच दारातील समुद्राकडे वळू. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ते ओळखले जाते. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे वीस मीटरांवर असून त्यावर प्रवाळांची बाग आहे. ते किनाऱ्यापासून इतके दूर आहे की, महाराष्ट्राचे असूनही कायद्याने ते केंद्राच्या अखत्यारीत पडते. म्हणून २०२० मध्ये राज्याच्या वन्यजीव मंडळाने त्याला संरक्षण मिळावे असा प्रस्ताव पुढे नेला. त्याहून खोल समुद्रात, १९९० च्या दशकात, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 'सागर कन्या' या नौकेवरून बुडालेल्या पर्वतांची एक रांगच शोधली. त्यांतील एकाला संस्थेचे पहिले संचालक पणिक्कर यांचे, तर दुसऱ्याला भूशास्त्रज्ञ दाराशॉ वाडिया यांचे नाव दिले आहे. नावांच्या बाबतीत समुद्र मोठा उदार. अरबी समुद्राच्या मधोमध जी प्रचंड पर्वतरांग आहे तिला कार्ल्सबर्ग म्हणतात, कारण १९२८ ते १९३० च्या डॅनिश सफरीला बिअर गाळणाऱ्या त्या घराण्याच्या निधीने पैसा पुरविला होता! ही माहिती आम्ही दारूबंदीच्या प्रवचनात वापरीत नाही.

आपल्या समुद्राचा आणखी एक विशेष आहे. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरांपासून हजार मीटरांपर्यंतच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच. १९३३-३४ मध्ये सेवेल यांच्या नेतृत्वाखाली 'मबाहिस' या इजिप्शियन नौकेने येथे जाळी टाकली, तेव्हा काही खोलींवर ती जवळपास रिकामी वर आली. म्हणजे येथील डोंगराच्या कमरेला गुदमरलेला पट्टा बांधलेला आहे. वर वस्ती, खाली वस्ती, मधे मोजके चिवट जीव. ज्या बोंबिलाने आमच्या निवासाला वास येतो, त्याच्याच कुळातील नातलग दूरवरच्या त्या अंधारात राहतात. तीन लांब काड्यांवर तिपाईसारखा उभा राहणारा खोल समुद्राचा मासा हा बोंबिलाचाच लांबचा भाऊबंद. 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण नौकेवरचा डॉक्टर आल्कॉक याने १८९१ मध्ये बोंबिलाच्या आणखी एका जातीचे वर्णन केले. ती खोल पाण्यातली.

हे सारे कौतुकाचे झाले. ज्यामुळे लिहावेसे वाटले ती गोष्ट पुढे आहे, आणि ती एका ख्रिस्ती प्रवाशाच्या नावाभोवती फिरते. वास्को द गामा येण्याच्या सुमारे पंचवीस वर्षे आधी, १४७० च्या आगेमागे, अफानासी निकितिन नावाचा रशियातील त्वेर गावचा व्यापारी एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. तो घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळा त्याने तिथेच काढला. चिखलाची आणि अखंड पावसाची त्याची नोंद वाचताना नाशिक-पुणे रस्त्यावरचा आषाढ डोळ्यांपुढे येतो. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिसकावला आणि धर्म बदलशील तर घोडाही देईन व वर सोन्याची नाणीही देईन, असे सांगून चार दिवसांची मुदत दिली. निकितिनने श्रद्धा सोडली नाही, आणि एका भल्या मुसलमान गृहस्थाच्या मध्यस्थीने घोडाही परत मिळाला. वाटेत त्याचे धर्मग्रंथ लुटले गेले होते. म्हणून पास्काचा सण नेमका केव्हा येतो तेही त्याला कळेना; परक्या मुलुखात तो अंदाजाने उपवास धरी आणि हळहळे. १४७२ मध्ये, घरी पोहोचण्यापूर्वीच, त्याला मृत्यू आला. या माणसाचे नाव सोव्हिएत संशोधकांनी हिंदी महासागरातील एका बुडालेल्या डोंगराला दिले आहे.

अफानासी निकितिन पर्वत श्रीलंकेच्या दक्षिणेस, विषुववृत्ताच्या किंचित पलीकडे आहे. आपल्या दख्खनच्या विस्तवाशी त्याचा संबंध नाही. तो दुसऱ्याच कुळातला. सुमारे चारशे किलोमीटर लांब आणि दीडशे रुंद असा हा डोंगर ४,८०० मीटर खोल तळावरून उठतो आणि पृष्ठभागाखाली १,२०० मीटरांवर येऊन थांबतो. त्याच्या खडकावर एक काळे कवच चढले आहे, आणि त्यात कोबाल्ट, निकेल, मँगनीज आहे. २०२४ च्या जानेवारीत भारताने आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाकडे या डोंगरावर खनिजांचा शोध घेण्याची परवानगी मागितली. आपल्या खंडमंचाची हद्द वाढवून मागणाऱ्या श्रीलंकेचाही या भागावर दावा आहे.

देशाला कोबाल्ट हवे, हे आम्हाला समजते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारी माणसे आमच्या धर्मग्रामात आहेत; धातूवाचून त्यांची चूल पेटत नाही. प्रवचन चालू असताना खिशात वाजणाऱ्या भ्रमणध्वनीच्या विजेरीतही तेच कोबाल्ट असते. त्यासाठी आफ्रिकेतील काँगोच्या खाणीत लहान मुलांनी राबावे हे कुणाही ख्रिस्ती माणसाला रुचणार नाही. तेव्हा समुद्राकडे पाहिले जाते याचा दोष देण्याचे कारण नाही. प्रश्न खरवडण्याचा आहे. हे कवच दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढते. ते खडकापासून वेगळे नाही, आणि स्पंज व प्रवाळे त्याच कवचावर बसलेली असतात. कवच काढायचे म्हणजे डोंगराची कातडी सोलायची. टास्मानिया आणि न्यूझीलंडजवळच्या समुद्री डोंगरांवर तळ ओढणाऱ्या जाळ्यांनी मासेमारी झाली, तेव्हा प्रवाळे नाहीशी होऊन उघडा खडक राहिला, आणि मासेमारी बंद झाल्यावर पाच-दहा वर्षांनीही तिथली वस्ती परतली नाही. ती नुसती जाळी होती, यंत्रे नव्हेत.

नाशिककरांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या आणि शहराजवळच्या टेकड्यांच्या उत्खननावरून इथे केवढा वाद झाला. पोकलेन सकाळी लागते आणि संध्याकाळी टेकडीचा एक खांदा गेलेला असतो. पण टेकडी दिसते तरी. गुराखी पाहतो, गिर्यारोहक पाहतात, कुणीतरी वृत्तपत्राला पत्र लिहितो. बाराशे मीटर पाण्याखाली कोण गुराखी असणार? तिथे साक्षीदार म्हणून शास्त्रज्ञच हवा, आणि तो यंत्राच्या आधी पोहोचायला हवा. देशांच्या हद्दींबाहेरच्या समुद्रातील जीवांच्या रक्षणाचा एक जागतिक करार २०२३ मध्ये झाला, भारताने २०२४ मध्ये त्यावर सही केली. परंतु खाणींचा कारभार दुसऱ्या दप्तरात चालतो. एका दप्तराने जपायचे आणि दुसऱ्याने उकरायचे, हा प्रकार आपण जमिनीवर पुष्कळ पाहिला आहे.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये खोल समुद्राच्या मोहिमेला मंजुरी दिली, पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपयांची. तिच्यात खनिजांचे यंत्रही आहे आणि जीवसृष्टीचा अभ्यासही आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने याच मोहिमेसाठी 'मत्स्य ६०००' ही माणसांना सहा हजार मीटर खोल नेणारी पाणबुडी हाती घेतली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दोन भारतीयांनी फ्रेंच पाणबुडीतून अटलांटिक महासागरात उतरून सरावही केला. त्यांतील एक जण पाच हजार मीटरांच्या खाली गेला. 'मत्स्य'मध्ये तीन माणसे बसतात. एक चालक लागणारच. दुसरा यंत्रांचा किंवा खनिजांचा जाणकार असेल, त्याला कुणाची ना नाही. तिसऱ्या जागेवर स्पंज आणि प्रवाळे ओळखणारा माणूस बसावा, आणि निकितिनच्या त्या डोंगरावरून ती पाणबुडी वर येईल तेव्हा तेथील रहिवाशांची यादी त्याच्या वहीत असावी, एवढे मागणे आम्ही संबंधितांकडे पत्राने कळविले आहे.